परक्या वासराला पाजणारी गाय

जुझेची गाडी सकाळी वाड्यावर आली. सदा परबाचे दोन रेडे तिच्यात चढले. बाकीच्यांचे रेडे खाली राहिले. जुझेने सोबत आणलेल्या दोऱ्या गुंडाळून पुन्हा गाडीत टाकल्या आणि गाडी म्हापशाच्या दिशेने गेली.

त्या सकाळपर्यंत पेडण्याजवळच्या त्या वाड्यावर सर्वांत चांगले माणूस कोण आणि सर्वांत वाईट कोण, याबद्दल कोणाला शंका नव्हती. चांगले माणूस म्हणजे वयनी. वाईट म्हणजे सदा परब. गाडी गेल्यावर सदा कमरेवर हात ठेवून आपल्या अंगणात उभा होता आणि बाकी वाडा आपापल्या रेड्यांकडे बघत होता.

मी निवृत्त पशुवैद्य आहे. मूळचा साखळीचा; नोकरीची बरीच वर्षे पेडण्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेली. दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, असे संपादकांनी मला सांगितले. यंदा शिगमो झाल्यावर वयनी गेली. तेव्हापासून गमती आठवायला बसलो की तीच आठवते, आणि एक पान लिहायला आठवडा लागतो. म्हणून एकच हकिकत लिहितो. ती गमतीदार आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वयनी म्हणजे भावाची बायको. ती कोणाच्या भावाची बायको, हे विचारण्याची पद्धत मात्र मी तिथे जाण्याआधीच बंद पडली होती. तिच्याहून वयाने मोठे म्हातारेही तिला वयनीच म्हणत. नवरा शाळेत हेडमास्तर होता. तो गेल्यावर घरात ती, त्याच्या पुस्तकांची दोन कपाटे आणि पवळी नावाची गाय, एवढेच उरले. बाहेरची खोली तिने मला भाड्याने दिली. पुस्तके भाड्यात धरलेली होती. मी वाचून झालेले पुस्तक परत कपाटात ठेवले की ती विचारायची, “कसा होता?” मी सांगायचो. ती म्हणायची, “ह्यांकापण ता आवडूक नाय.” आमच्याकडे मायेच्या माणसाला एकेरीतच बोलतात. ती मला ‘दोतोर’ म्हणे आणि ‘तू’ म्हणे, मीही तिला तूच म्हणत असे.

पवळी ही गाय दिसायला साधी, तांबूस, एक शिंग थोडे खाली वळलेले. पण तिच्यात एक गुण होता. ती परक्या वासराला पाजायची. गुरे पाळणाऱ्यांना याचे मोल कळेल, इतरांसाठी सांगतो. गाय आपल्या वासराला वासावरून ओळखते. दुसऱ्याचे वासरू आचळाशी आले तर लाथ घालते. त्यासाठी लोक वासराच्या अंगाला मीठ लावतात, गायीचे डोळे बांधतात, नाना खटपटी करतात. पवळीला यातले काही लागत नसे. वासरू पुढे आले की ती मान वळवून एकदा हुंगायची आणि पान्हा सोडायची. म्हशीचे रेडकू असले तरी.

आता रेडकाचे म्हणाल तर त्याच्याइतके नकोसे बाळ जगात नाही. म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात आनंद. रेडा झाला तर त्याच्या वाटचे दूधही सोसायटीत जाते. पहिले काही दिवस त्याला आचळाशी नावापुरते उभे करतात, मग ते आपोआप वाळत जाते आणि एक दिवस नसते. कोणी त्याला मारले असे म्हणता येत नाही. आमच्या वाड्यावर मात्र असे रेडकू वयनीकडे आणून सोडण्याची रीत पडली होती. कोणाची म्हैस आटली, कोणाची वासराला जवळ घेईना, कोणाचे वासरू अशक्त जन्मले, की ते वयनीच्या गोठ्यात. थोडे दिवस पवळीला प्यायचे, अंग धरायचे आणि घरी जायचे. लोक याला वासराचे माहेरपण म्हणत. वयनीने याबद्दल कधी कोणाकडून काही घेतले नाही. घेतले असते तर पुढे सांगणार आहे तो रोग इतका पसरला नसता, असे नंतर माझ्या मनात आले. फुकट होते म्हणून सगळेच आणत.

याच सुमारास वरून एक योजना आली. रेडकांना मरू न देता वाढवायचे, खुराक घालायचा आणि मोठे झाल्यावर विकायचे. कागदोपत्री तिचे नाव नर रेडकांचे संगोपन असे काहीतरी होते. वजन वाढवण्यावर त्यात बरेच लिहिले होते. वजन वाढवून पुढे काय करायचे, याचा उल्लेख नव्हता, आणि बैठकीत तो प्रश्न कोणी विचारला नाही. वाड्यावरही कोणी विचारला नाही. सगळी हिंदू घरे. रेडा ‘गाडीर गेलो’ एवढेच म्हणायचे. गाडी कुठे जाते हे सगळ्यांना माहीत होते, आणि सगळ्यांना माहीत असल्यामुळे बोलायची गरज नव्हती. विकताना रेडा द्यायचा, पण त्याचे दावे सोडून घरात ठेवायचे. दावे गेले तर घरातल्या गुरांची बरकत जाते, असा समज आहे. म्हणून घेणारा आपली दोरी आणतो. जुझेच्या गाडीत त्या सकाळी ज्या दोऱ्या होत्या त्या ह्या.

जुझे म्हापशाकडचा. गुरे पारखण्यात माझ्या पदवीहून त्याचा तळहात जुना होता. शेवटच्या बरगडीमागे, पाठीच्या कण्याला लागून तो हात दाबायचा आणि गप्प राहायचा. त्या दिवशी एकेका रेड्यामागे तो जास्त जास्त गप्प होत गेला. शेवटी मला म्हणाला, “दोतोर, हंय मऊ लागूंक जाय. हंय माका हाडां गावतात. हाडां विकपाक माजें दुकान ना.”

“खुराक चालू आहे,” मी म्हणालो.

“खातात रे, खातात. गव्हाण चाटून पुसून खातात. पूण अंगाक लागना.”

शाबलो नावाचा एक सज्जन शेतकरी शेजारी उभा होता. त्याचा रेडा रांगेत सर्वांत आधी होता. तो म्हणाला, “जुझेबाब, दृष्ट लागली हो. सगळ्यांका एकदम लागली.”

“मगे सदाक कित्याक लागूंक ना?”

“त्याचीच तर लागली,” शाबलो म्हणाला.

सदाने ते ऐकले आणि तो हसला. त्याचे रेडे खरोखरच मेणासारखे चकाकत होते.

पुढचे काही महिने मी आणि वाडा दोघेही आपापल्या परीने उपाय करत होतो. मी जंतांची औषधे दिली, खनिजांचे मिश्रण दिले, यकृताचे टॉनिक दिले. वाड्याने देवचाराला रोट, विडी आणि फेणी दिली. देवचार हा आमच्याकडचा सीमेवरचा राखणदार. दोन्ही उपायांचा गुण सारखाच आला. म्हणजे थोडे दिवस बरे वाटले आणि मग काहीच नाही. रेड्यांचे शेण पातळ ते पातळच. भूक चांगली, डोळे चांगले, ताप नाही. एकदोघांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. तेव्हा मला संशय आला, पण संशयावर कोणाला काय सांगणार?

शाबल्याचा रेडा मेला आणि मी तो काजूच्या झाडाखाली उघडला. शाबलो पाठमोरा उभा राहील असे मला वाटले होते, पण तो वाकून बघत होता.

“दोतोर, हेच्या पोटात चारो भरलेलो आसा.”

“हो.”

“मगे मेलो कित्यान?”

“भुकेने.”

शाबल्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू विचारत होता की ह्या माणसाला सरकार कशाचा पगार देते. मी त्याला आतडे दाखवले. चांगले आतडे पातळ, गुळगुळीत असते. हे जाड होऊन त्याला आतून आठ्या पडल्या होत्या, म्हाताऱ्याच्या कपाळाला पडतात तशा. त्या आठ्यांमधून अन्न रक्तात जात नाही. जनावर भरल्या पोटाने उपाशी राहते.

या रोगाला जोन्स म्हणतात. क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ त्याला कारण असतो. तो अंगात शिरतो जनावर अगदी लहान असताना, शेणाने माखलेल्या आचळातून, दुधातून. मग गप्प बसतो. वर्षेच्या वर्षे बसतो. जनावर मोठे झाल्यावर कधीतरी हिशेब मागतो. त्याला औषध नाही. आणि तो पटकन मारत नाही, ही त्याची खरी अडचण. खुरकुताची साथ आली की धावपळ होते, लस येते, गाड्या येतात, वर्तमानपत्रात नाव येते. या रोगात काहीच घडत नाही. फक्त जो चारा मांस व्हायचा तो शेण होतो, जी गाय दरसाल व्यायची ती एखादे वर्ष रिकामी जाते, दूध थोडे कमी पडते. घरधनी म्हणतो, यंदा चारा हलका होता. पुढल्या वर्षीही तो तेच म्हणतो. ज्या नुकसानीला दिवस नाही तिचा पंचनामा कोण करणार?

नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. रोग तोच निघाला. आता प्रश्न असा की एवढ्या सगळ्या रेड्यांना तो लहानपणी मिळाला कुठून? मी घरोघर विचारत गेलो. रेडकू कोणाच्या म्हशीचे, कुठे बांधलेले, कुठे चरलेले. घरे वेगळी, म्हशी वेगळ्या, शेतांचे कुणगे वेगळे. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने अभिमानाने सांगितली. “आमचो वयनीकडे वाढलो मां.”

सदाकडे मी शेवटी गेलो.

“तुझे रेडे लहानपणी वयनीकडे होते?”

“माजे? त्या बायलेच्या गोठ्यात माज्या गोरवान पाय घालूक नाय, आणि घालूचो पण नाय. तिच्या फणसाची फांदी माज्या कौलार येता. किती वर्सां सांगतंय. कापता काय?”

म्हणजे वाड्यावर निरोगी जनावरे होती ती एकट्या सदाकडे, आणि ती निरोगी राहिली होती ती फणसाच्या फांदीमुळे. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत रोग रोखण्याचे उपाय सविस्तर दिलेले असतात. विलगीकरण असते, चुना असतो, चाचण्या असतात. शेजाऱ्याशी भांडण असावे असे कुठे लिहिलेले मी वाचले नव्हते.

पवळीचे शेण आणि रक्त मी वयनीला विचारूनच घेतले होते. निकाल आला तेव्हा ती गोठ्याच्या उंबऱ्याशी बसून कोंडा भिजवत होती. आत शाबल्याचे नवे रेडकू आणि आणखी कोणाचे तरी एक वासरू, दोन्ही बाजूंनी पवळीला लागलेली. पवळी डोळे मिटून उभी होती. तिचे पोट भाराला आले होते.

मी सांगितले. तिने हात थांबवला नाही.

“तिका काय झाला? ती खाता, पिता.”

“तिला काही झालेले दिसत नाही, तोच घोटाळा आहे. कधी कधी असे जनावर वरून चांगले असते आणि रोग वाटत राहते.”

“वाटत रवता,” ती म्हणाली. मग विचारले, “शाबल्याचो रेडो?”

“हो.”

तिने एकेका घराचे नाव घेतले. मी प्रत्येक वेळी हो म्हणालो. कोणते रेडकू कोणत्या पावसाळ्यात आले, कोणाला पाय धरून उभे करावे लागले, हे तिला सगळे आठवत होते. शेवटी ती थांबली.

“सदाचे?”

“नाही.”

“मेल्यान कधी आणूकच नाय,” ती म्हणाली. आणि मग, कोंड्यातला हात काढून पदराला पुसत, “वाचले.”

ती उठली. रेडकाच्या तोंडात बोट घालून ते आचळापासून सोडवले, मग दुसरे. दोन्ही बाहेर अंगणात बांधली. पवळीने मान वळवून पाहिले.

“हेंका झाला आसतला?”

“सांगता येत नाही. दोन वर्षांनी कळेल.”

“आता हिचा काय करूचा? पुस्तकात काय सांगलला आसा?”

पुस्तकात लिहिले होते की असे जनावर कळपातून काढून टाकावे. काढून कुठे टाकावे ते लिहिले नव्हते. पुस्तक ज्या देशात लिहिले गेले तिथे त्याचा अर्थ एकच होतो. आमच्याकडे गाय कापायला कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी त्या वाड्यावर ते कोणी मनातही आणले नसते. रेडा गाडीवर जातो. त्याच गोठ्यातली गाय आई असते. विकावी, तर रोग दुसऱ्या गावी विकल्यासारखे. गोशाळेत द्यावी, तर तिथल्या गुरांनी काय केले होते? मी वयनीला एवढेच म्हणालो, “वेगळी बांधायची. तिचे शेण, तिचे पाणी वेगळे. कुठलेही वासरू जवळ जाऊ द्यायचे नाही.”

“तिचा स्वताचा?”

मी अंगणातली दोन्ही वासरे सोडून गोठ्यापासून आणखी दूर बांधली.

सदाला बातमी लागायला वेळ लागला नाही. तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने केरीच्या समुद्रकिनाऱ्याचा तोडगा सांगितला. “केरयेक नेवन सोड. दर्यादेगेर कितकी गोरवां फिरतत. टुरिस्ट केळी घालतत तेंका. मजेत रवात.”

वयनी म्हणाली, “तू आधी जाऊन ये. केळी गोड आसली तर सांग, मगे तिका धाडतंय.”

दुसऱ्या दिवशी तिने जे केले ते माझ्याने झाले नसते. मी आठ दिवस शब्द जुळवत बसलो असतो. तिने चांगले लुगडे नेसले आणि ती घरोघर गेली. शाबल्याचे रेडकू दोरीने धरून सोबत नेले. प्रत्येक घरी सांगितले, माझ्या गायीपासून तुमच्या गुरांना रोग झाला, दोतोराने तपासून सांगितले आहे, यापुढे वासरू आणू नका. लोकांनी तिला बसायला पाट दिला, चहा दिला. “तू कित्याक मनाक लावन घेतंस? तुका काय ठावक होता?” असे सगळे म्हणाले. शाबलो तर रडला. आणि तिची पाठ वळल्यावर बहुतेकांनी पाट धुऊन ठेवला. हा रोग पाटावरून लागत नाही, हे मी घरोघर सांगितले होते. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले होते.

ती तेवढ्यावर थांबली नाही. वासरू वयनीकडे नाही तर मग कुठे, असा प्रश्न आल्यावर ती रोज दूध काढायच्या वेळी फिरू लागली. म्हशीखाली बादली दिसली की विचारायची, “रेडकाचो वाटो खंय?”

“पाजलला, वयनी.”

“खंय पाजलला? त्याचा तोंड सुका आसा. सोसायटीक धाडलास काय त्याचो घास? तुमची आवय तुमका असा वाढवूक नाय.”

लोकांनी तिच्या भीतीने रेडकांना एकेक आचळ सोडायला सुरुवात केली. मी वर्षानुवर्षे भाषणांतून जे सांगत होतो तेच हे. वासराला त्याच्या आईचा चीक, पहिल्या काही तासांत. चीक म्हणजे व्याल्यावरचे पहिले घट्ट दूध. वासराच्या अंगातली रोगाशी लढायची सगळी शक्ती त्यातून येते. माझ्या भाषणांना चहा असायचा, तरी उपयोग झाला नव्हता.

पवळी एका दुपारी व्याली. गोठ्यात मी आणि वयनी होतो. पाडी झाली, अंगाने बारीक पण धडपडणारी. आईच्या पोटातच रोग लागण्याची शक्यता असते. तसे झाले नसेल तर वासराला वाचवायचा एकच मार्ग, ते आईपासून लगेच दूर करायचे. पवळी वळायच्या आत मी पाडीला गोणपाटात गुंडाळले आणि माझ्या खोलीमागच्या पडवीत नेले. मागून हंबरणे सुरू झाले. सगळ्या वाड्याच्या वासरांना पाजलेली गाय ती. पोटचे तेवढे आम्ही उचलून आणले.

आता चीक हवा होता. पवळीचा चालणार नव्हता. वाड्यातल्या कुठल्या गायीवर, कुठल्या म्हशीवर विश्वास ठेवायचा? त्यांतल्या काही लहानपणी याच गोठ्यातून गेल्या होत्या आणि सगळ्यांचे निकाल अजून आले नव्हते. खात्रीचे एकच घर होते. सदाची गाय नुकतीच व्याली होती आणि त्याच्या बायकोने खरवसासाठी म्हणून थोडा चीक फ्रीजरमध्ये गोठवून ठेवला होता, हे मला माहीत होते.

“मी जाऊन आणतो,” मी म्हणालो.

“तू हंय रव. पाडयेक पूस,” वयनी म्हणाली आणि चालू लागली. मी पडवीच्या जनेलातून पाहत होतो. दोन्ही अंगणांमध्ये एक दगडी गडगा, तो ओलांडायला पायरीसुद्धा होती, पण ती वापरात नव्हती. वयनी त्या पायरीवरून गेली.

सदा सोप्यावर बसला होता. “काय वयनी, वाट चुकलंस?”

“नाय. तुज्या फ्रीजात चीक आसा. तो होयो.”

“खरवस करतलंस?”

“पाडयेक.”

सदाने वयनीच्या गोठ्याकडे मान वळवली. हंबरणे त्यालाही ऐकू येत होतेच. वयनी उभी होती. आयुष्यभर तिने चीक वाटला होता. मागायला कसे उभे राहायचे हे तिला माहीत नसावे, कारण हात पुढे करायच्या ऐवजी तिने ते पाठीमागे धरले होते.

“ती फणसाची फांदी...” सदाने सुरुवात केली.

“फांदी काप. झाड काप. चीक दी.”

तो आत गेला आणि स्टीलचा डबा घेऊन आला. वयनीने पदराखालून आपले भांडे काढले. सदाने डबा मागे घेतला.

“तुजा भांडा नको. तुज्या भांड्याक रोग आसतलो. माजोच डबो ने, आणि माज्याच बाटलेन पाज. दोतोराक सांग, कोमट करून, उकळूक दिवू नको. फाटता.”

इतका अपमानकारक आणि इतका बिनचूक सल्ला मी नोकरीत दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही.

पाडी प्यायली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी सदा स्वतः गायीचे ताजे दूध घेऊन गडग्यापर्यंत आला. अलीकडे आला नाही. बाटली गडग्यावर ठेवायचा आणि खाकरायचा.

पवळीच्या चिकाचा वयनीने खरवस केला. नेहमीप्रमाणे सगळ्या घरी धाडला. नीट वाफवल्यावर त्यात जिवंत जंतू उरत नाही, असे मी आधीच सांगून ठेवले होते. सगळ्यांनी थाळ्या आदराने घेतल्या. संध्याकाळी काही थाळ्या तशाच परत आल्या, वर केळीचे पान झाकून. कोणाचे पोट बिघडले होते, कोणाचा उपास निघाला. वयनीने थाळ्या ओट्यावर एकावर एक ठेवल्या. मी एक घेऊन खाऊ लागलो. वेलची जास्त पडली होती. तेवढ्यात डबा मागायच्या निमित्ताने सदा आला, पायरीवरून, आणि थाळ्यांकडे पाहत उभा राहिला.

“कोण खाऊक नाय?”

“नाय,” वयनी म्हणाली.

“भितत,” तो म्हणाला आणि खाली बसला. “माका दी. माजी गोरवां हिच्या दुधार वाढूक नाय, मी तरी वाढतंय.” त्याने दोन थाळ्या संपवल्या. वेलची जास्त झाली, असेही सांगितले. वयनी म्हणाली, तुझ्या बायकोच्या हातची कमी असते. तेवढ्यावरून पुन्हा भांडण सुरू झाले आणि मी आत जाऊन पुस्तक उघडले.

त्यानंतरची रेडकी चांगली वाढली. काही जुनी जनावरे रोगाने गेली, काही तशीच रेटत राहिली, पण नव्यांच्या पाठीवर जुझेचा हात मऊ पडू लागला. त्याची गाडी भरून जाऊ लागली. एका बैठकीत मला उठवून यशाचे कारण विचारले. मी म्हणालो, वासरे आपापल्या आईला पितात. वरिष्ठांनी मान डोलावली आणि त्यापुढे खनिज मिश्रणाचा उल्लेख करायला सांगितले.

वयनीच्या गोठ्याकडे जाणारी पायवाट मात्र गवताने भरली. आधी लोक रोगाच्या भीतीने येत नव्हते. मग भीती गेली, तरी येण्याचे कारण उरले नाही. आपली वासरे आपण सांभाळायची ही शिस्त तिनेच लावली होती आणि ती सर्वांना चांगली लागली. वाड्यावर कोणी कोणाच्या गोठ्यात जाईनासे झाले. पशुवैद्य म्हणून मला ते हवेच होते.

पवळी पुढे खंगून मेली. मी तिला चुना घालून खोल खड्ड्यात पुरले. पाडीची तपासणी मी दोनदा केली, दोन्ही वेळा ती निर्दोष निघाली. वयनीच्या गुडघ्यांना आता शेणघाण झेपत नव्हती. एके सकाळी तिने पाडी नेऊन सदाच्या गोठ्यात बांधली. तिचे दावे सोडून परत आणले नाही, सदाने पुढे केले तरी.

“वयनी, दावा घरात ठेव गो,” तो म्हणाला. मी त्याला तिच्याशी असे बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

“ठेवन काय करू? कपडे वाळत घालू?” ती म्हणाली. “ऱ्हवांदी तिच्याच गळ्यात.”

यंदा ती गेली. मी साखळीहून मोटारसायकलने पोचलो तेव्हा माणसे जमली होती आणि सगळ्यांत पुढे, खांद्याला, सदा होता. पुस्तकांची कपाटे तिने मला द्यायला सांगितली होती. ती अजून तिथेच आहेत, मला न्यायला जमलेले नाही.

परवा गेलो होतो. वयनीच्या गोठ्यात गुरे नाहीत. फणसाची फांदी सदाच्या कौलांवर आहे. पवळीची पाडी सदाकडे आता गाय झाली आहे, भरपूर दूध देते आणि दरसाल विते. ती फक्त आपल्या वासराला पाजते. दुसरे जवळ आले तर लाथ मारते.